ग्लासातला माझा वाटा

दुसऱ्याला डॉक्टरकडे ओढत नेण्यात माझा हात धरणारं जयसिंगपुरात कुणी नाही. शेजारच्या काकूंचा मोतीबिंदू मी काढायला लावला. माझ्या शिवणक्लासातल्या एका पोरीचं थायरॉइड तिच्या आईच्या आधी माझ्या लक्षात आलं. आणि आमच्या ह्यांचं तर विचारूच नका. हे म्हणजे श्रीकांत मगदूम, साखर कारखान्याचे निवृत्त टाइमकीपर. माझा सख्खा भाऊ एक मिनिट उशिरा आला तर त्याच्या नावापुढेही 'उशिरा' लिहून मोकळे होणारा माणूस. तोंडातून खोटं म्हणून कधी निघायचं नाही, पण स्वतःचं काही दुखलं तर आठ आठ दिवस सांगायचंही नाही. त्यांचा धाकटा भाऊ यकृताच्या कॅन्सरनं गेला, तेव्हाच मी ठरवलं की ह्यांची काजवा-चाचणी करून घ्यायची. चार महिने नंबर लागत नव्हता. लागला त्या दिवशी मी तासाभरात दोघांच्या बॅगा भरल्या.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुमच्या स्वतःच्या तपासणीचं काय? तेही सांगून टाकते. गेल्या आठ महिन्यांत माझ्या सगळ्या ब्लाउजची शिवण मी दोनदा आत घेतली होती. जेवण झालं की पोटात वरच्या बाजूला दुखायचं आणि कळ थेट पाठीत जायची. मशीनवर वाकून बसणाऱ्या बाईची पाठ दुखणारच, असं म्हणून मी ते उडवून लावलं. माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, पोट उघडलं आणि पुन्हा शिवलं. त्यानंतर नऊ महिने ती खाटेवरून उठली नाही. तिचं सगळं मीच केलं. तिला कूस बदलून द्यायची तर चार बायका लागायच्या, आणि ती सगळा वेळ माझ्याकडे बघत राहायची. त्या खाटेवर मला जायचं नव्हतं, म्हणून मला काही झालेलंच नव्हतं. इतकं साधं होतं ते.

मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या पाचव्या मजल्यावर हा काजवा-वॉर्ड आहे. तिथल्या डॉक्टर मुजावर म्हणजे तिशीतली, बारीक अंगाची मुलगी, पण समजावून सांगावं तर तिनंच. काजवे म्हणजे जिवाणू, ती म्हणाली. आपल्या आतड्यात राहतात त्यांच्याच जातीचे, फक्त प्रयोगशाळेत थोडे बदललेले. निरोगी शरीरात ते दोन-तीन दिवसांत मरतात, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना शोधून खाऊन टाकतात. गाठीच्या आत मात्र प्राणवायू कमी असतो आणि पांढऱ्या पेशी तिथं फारशा फिरकत नाहीत, त्यामुळे काजव्यांना आयतं घर मिळतं. तिथं ते वाढतात आणि एक रंगद्रव्य सोडतात, ते लघवीतून बाहेर येतं. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, पण कमोडमध्ये बसवलेल्या डोळ्याला दिसतं. पाणी सोडलं की तो डोळा तपासणी करतो आणि भिंतीवरचा दिवा लागतो. हिरवा लागला तर काळजी नाही. केशरी लागला तर शरीरात कुठंतरी गाठ आहे, भले मोहरीएवढी का असेना. मग स्कॅन करायचं, काजवे कुठं गोळा झालेत ते बघायचं आणि नेमक्या तिथं सुई घालून तुकडा काढायचा.

ह्यात अडचण एकच होती. काजवे थुंकीतून, हातातून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. म्हणून तो सगळा वॉर्ड बंद. खिडक्या उघडत नाहीत, बोळाच्या टोकाला काचेचं दार, ते फक्त सिस्टरच्या कार्डानं उघडतं. पेशंटबरोबर एकच नातेवाईक, आणि तो एकदा आत आला की शेवटपर्यंत आतच. दहा दिवस चाचणी, मग काजवे मारायचं औषध, मग लागोपाठ तीन रिपोर्ट स्वच्छ आले की सुटका. नातेवाइकानं आपली ताटवाटी वेगळी ठेवायची. खोलीतला कमोड फक्त पेशंटचा. नातेवाइकासाठी बोळाच्या टोकाला संडास, तोही उकिडवं बसायचा. हे सगळं वॉर्डातल्या रूथ सिस्टरनं मला दोनदा वाचून दाखवलं आणि मी दोनदा मान डोलावली.

पहिल्या सकाळी सिस्टर ग्लास घेऊन आली. गढूळ पाणी, आंबलेल्या पेजेसारखा वास. दहा मिनिटांत संपवायचं, आणि उलटी झाली तर नंबर गेला, पुन्हा चार महिने थांबा. ह्यांनी नाक दाबून अर्धा ग्लास घेतला आणि थांबले. डोळ्यांतून पाणी, गळ्यात आवंढा. तो चेहरा मला अडतीस वर्षांचा पाठ होता. अजून एक घोट गेला असता तर सगळं बाहेर आलं असतं.

आमच्या घरी ह्याची एक रीत आहे. लग्न झाल्यापासून कारल्याचा रस असो, काढा असो, ह्यांना जे उतरत नाही त्यातलं अर्धं तुम्ही आणि अर्धं मी. आमच्या लेकीची लहानपणची खोकल्याची औषधंसुद्धा मी अशीच वाटून घेत आले. सिस्टर बोळात फोन घ्यायला गेली होती. मी त्यांच्या हातातून ग्लास घेतला, एका दमात रिकामा केला आणि परत त्यांच्या हातात दिला. सिस्टर आल्यावर संपवला हो सगळा, असं मीच सांगून टाकलं. हे खाली फरशीकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी त्या बोळातल्या संडासात माझा गुडघा असा धरला की नळाला लोंबकळून उठावं लागलं. तेव्हापासून मी खोलीतलाच कमोड वापरायला लागले. नवरा-बायकोत काय आपलं-तुपलं करायचं?

चौथ्या दिवशी सकाळी दिवा केशरी लागला. रूथ सिस्टरच्या टेबलावरही तो दिसतो, ती लगोलग आली. त्या दिवशी सकाळपासून आम्ही दोघंही आत जाऊन आलो होतो, पण कमोड पेशंटचा, म्हणजे दिवाही पेशंटचा, ह्यात कुणाला शंका येणार? मलाही आली नाही. पाचव्या दिवशी आणखी दोनदा लागला. मी ह्यांना धीर देत होते, वेळेवर सापडलं म्हणून सांगत होते. दुसऱ्याला धीर देताना माझा आवाज फार चांगला लागतो.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांना स्कॅनला खाली नेलं. आधीचे आठ तास उपाशी ठेवलेलं, हातात सुई टोचलेली, अंगावर मागून उघडा तो हिरवा झगा. जाताना मला हात केला. दोन तास लागणार होते. खोलीत मी एकटी. मी कमोडवर जाऊन आले, पाणी सोडलं, हात धुताना सहज वर पाहिलं.

दिवा केशरी होता.

मी नळ बंद केला. पुन्हा पाहिलं. हे खालच्या मजल्यावर स्कॅनच्या मशीनमध्ये झोपलेले होते. ह्या खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मग तो अर्धा ग्लास आठवला, ब्लाउजच्या शिवणी आठवल्या, पाठीतली कळ आठवली, आणि मी तिथंच ओल्या फरशीवर बसले. आठ महिने जे मी पाहायचं नाकारलं होतं, ते भिंतीवर लागून माझ्याकडे बघत होतं.

सिस्टर दारात आली. काका तर खाली आहेत, मग दिवा कसा, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, जाताना घाईत ते पाणी सोडायला विसरले होते, ते मी आत्ता सोडलं. इतक्या सफाईनं म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. तिनं वहीत टिपून घेतलं आणि गेली.

मग माझ्या डोक्यानं भराभर हिशेब मांडला. मी हा कमोड वापरायचा बंद केला तर दिवा हिरवाच राहणार. दिवा हिरवा राहिला आणि स्कॅन स्वच्छ आलं, तर हे लोक म्हणणार, चूक झाली, जा घरी. हे सुटणार, काजवे मारायच्या गोळ्या मलाही कधीतरी गुपचूप घेता येतील, आणि माझं मी बघून घेईन. काय बघणार होते देव जाणे. पण त्या दिवसापासून मी पुन्हा बोळाच्या टोकाला जायला लागले, नळाला धरून बसायला आणि उठायला लागले. दिवा दिवसभर हिरवा राहिला. संध्याकाळी मी दोन घास जास्त जेवले.

सातव्या दिवशी डॉक्टर मुजावर आल्या. स्कॅनमध्ये काहीही नाही, यकृत साफ, स्वादुपिंड साफ. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर त्या पुढे बोलायला लागल्या. चार वेळा केशरी म्हणजे गाठ आहेच, काजवे खोटं बोलत नाहीत. स्कॅनला दिसत नाही म्हणजे फार लहान आहे किंवा आडोशाला आहे. कालपासून दिवा हिरवा आहे ही तर जास्तच काळजीची गोष्ट, गाठीनं काजव्यांची वाट बंद केली असेल. नियमाप्रमाणे आता अंदाजानं तीन ठिकाणी सुई घालून तुकडे घ्यायचे, दोन यकृतातून आणि एक स्वादुपिंडातून. उद्या सकाळी नऊला.

ह्यांच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेली आहे. सुई लागलीच तर म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या वॉर्डात आल्यापासूनच थांबवल्या होत्या. गोळ्या थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती, आणि न थांबवता सुई घातली तर आत रक्तस्राव होण्याची. डॉक्टरांनी हेही नीट समजावलं. धोका आहे, पण गाठ वाढू देण्याचा धोका मोठा, असं त्या म्हणाल्या. माझ्या माणसाच्या धडधाकट पोटात उद्या तीनदा सुई जाणार होती आणि तिथं काही नाही हे मला एकटीला ठाऊक होतं.

मी बोळात डॉक्टरांना गाठलं. दिवा चुकून दुसऱ्या कुणाचा असू शकतो का, असं आडून विचारलं. त्या थकल्या होत्या, तरी हसल्या.

"काकू, दुसरं आहे कोण इथं?"

सांगायला तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. पण डोळ्यांसमोर अक्काची खाट आली, आणि मी म्हणाले, काही नाही, आपलं विचारलं. काचेच्या दारापर्यंत जाऊन परत आले. तिथून पुढं जाता येत नव्हतं. खोलीत जावं तर हे बसलेले, दारात जावं तर कुलूप, आणि पोटात ते जे काही होतं ते माझ्याबरोबर दोन्हीकडे येत होतं.

दुपारी जेवणाचं ताट तसंच पडलं होतं. हे खिडकीशी बसून खालचा रस्ता बघत होते. मी चिडले त्यांच्यावर. कशावर चिडले ते आठवतही नाही, बहुतेक टॉवेल ओला टाकला म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं. मग मला जवळ बसवलं आणि बोलले. हा माणूस महिन्यातून एकदा असा बोलतो, आणि नेमकं तेव्हाच बोलायचं होतं त्याला.

"सुलू, एक सांगू? मला निघालं ते बरं झालं. तुला निघालं असतं तर मला नसतं जमलं. तू मला सांभाळशील. मला तुला सांभाळता आलं नसतं, मी आधीच गेलो असतो."

मी उठून तोंड धुवायला गेले. नळ सोडून पोटभर रडले. माझ्या आजाराची भीती एकीकडे होतीच. आता हेही कळलं की मी खरं बोलले तर ह्या माणसाचा एकुलता एक आधार मी काढून घेणार. आणि नाही बोलले तर उद्या त्याच्या पोटात सुया. सुटायचा रस्ताच कुठं दिसेना. राग राग आला मला स्वतःचा. सगळ्या गावाला दवाखान्यात नेणारी ही बाई, आणि स्वतःचं पोट कपाटात घालून बसली होती.

सकाळी नऊला स्ट्रेचर आलं. ह्यांना वर घेतलं, पट्टे बांधले. त्यांचा रंग उतरला होता, पण माझ्याकडे बघून हसायचं म्हणून हसले. डॉक्टर मुजावरनी संमतीचा कागद माझ्यापुढे धरला. पेशंटची सही झालेली, खाली नातेवाइकाची राहिली होती. रक्तस्राव, गुठळी, प्रसंगी मृत्यू, असं काय काय छापलेलं. मी पेन हातात घेतलं. माझी सही ठसठशीत आहे, क्लासच्या हजारभर सर्टिफिकेटांवर केलीय. त्या दिवशी पेन कागदावर टेकेना.

"ह्यांना खाली नेऊ नका," मी म्हणाले. "दिवा ह्यांचा नाही, माझा आहे. पहिल्या दिवशी अर्धा ग्लास मी प्यायले. कमोडही मी वापरला."

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. घाबरल्यावर नातेवाईक असं बोलतात, पेशंटला नेऊ नये म्हणून काहीही सांगतात, हे त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. त्यांनी स्ट्रेचरकडे वळून ह्यांनाच विचारलं की काका, ग्लास कुणी संपवला होता.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे उतरलेले खांदे, सैल झालेली बांगडी, सगळं त्यांनी पहिल्यांदा पाहिल्यासारखं पाहिलं. काय खरं असणार ते त्यांना कळलं, हे मला दिसलं.

"मी संपवला," ते म्हणाले. "सगळा. ती घाबरलीय, डॉक्टर. तुम्ही न्या मला."

अडतीस वर्षांत पहिलं खोटं, आणि तेही असं. मला इतका राग आला आणि इतकं भरून आलं की काय करू ते सुचेना. त्यांना सुया चालणार होत्या, पोटात रक्त झालेलं चालणार होतं, फक्त मी आजारी असलेली चालणार नव्हती. आठ महिने मी जे केलं तेच ते आता स्ट्रेचरवर झोपून करत होते. वॉर्डबॉयनं चाकांचा ब्रेक काढला.

"पाच मिनिटं थांबा," मी म्हणाले. "नाही थांबलात तर मी चाकापुढे झोपेन."

मी तांब्याभर पाणी प्यायले आणि खोलीतल्या बाथरूममध्ये गेले. रूथ सिस्टरला दारातच उभं केलं, म्हणजे पुन्हा कुणी मला खोटं पाडायला नको. लाज वाटली का? वाटली. साठी उलटलेली बाई, अर्ध्या उघड्या दाराशी सिस्टर, तिच्यामागे डॉक्टर, आणि त्यांच्यामागे स्ट्रेचरवर बांधलेला नवरा. पण लाजेपेक्षा मोठं काहीतरी तिथं पणाला लागलं होतं. पाणी सोडलं. दिवा लागायला मिनिटभर लागतं. त्या मिनिटात, खरं सांगते, एकदा मनात आलं की हिरवा लागू दे.

केशरीच लागला.

डॉक्टर मुजावर मला बोलल्या ते सगळं इथं सांगत नाही. त्यांचं बरोबर होतं. एका माणसाचा जीव मी धोक्यात घातला होता, दोन दिवस माहीत असून गप्प बसले होते, आणि त्यांच्या चाचणीची माती केली होती. मी खाली मान घालून ऐकलं. मग त्यांचा आवाज खाली आला, त्यांनी विचारलं की किती दिवस दुखतंय, किती वजन उतरलं, आणि मी खरी उत्तरं दिली. प्रत्येक उत्तराला त्यांचा चेहरा थोडा थोडा गंभीर होत गेला. दुपारी माझं स्कॅन झालं. स्वादुपिंडाच्या शेपटाकडे ठिपका होता, वाटाण्याएवढा. दुसऱ्या सकाळी नऊला माझी सुई ठरली. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून दिवस मोजायचे, ते काचेचं दार आणखी निदान दोन आठवडे उघडणार नव्हतं.

मला खाटेवर झोपायला सांगितलं. ह्यांनी चादर बदलली, उलटी घातली, मग काढून सुलट घातली. मी आडवी झाले. छत जवळ आल्यासारखं वाटलं. अक्काला नऊ महिने हेच दिसत असणार.

"मी खोटं बोललो," ते म्हणाले.

"कळलं ते सगळ्यांना," मी म्हणाले.

"मला भीती वाटतेय, सुलू."

"मलाही," मी म्हणाले. हे वाक्य मी आजवर कुणालाच म्हटलं नव्हतं.

रूथ सिस्टर नवा कागद घेऊन आली. सवयीनं तिनं तो माझ्यापुढे धरला, कारण कागद वाचायचे ते मी आणि मी बोट ठेवीन तिथं सही करायची ती ह्यांनी, हे तिनं आठ दिवस पाहिलं होतं. ह्यांनी तो तिच्या हातातून घेतला. चष्मा लावला आणि स्टुलावर बसून पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. एका शब्दावर अडले तर सिस्टरला विचारलं. सुई किती वेळ आत राहते, भूल कितीची, शुद्धीवर आल्यावर हिला पाणी कधी द्यायचं, असं सगळं विचारून मागच्या बाजूला लिहून घेतलं. पेशंटच्या वयापुढे त्यांनी एकसष्ट लिहिलं. मला बासष्ट पूर्ण झालेली. पडल्या पडल्या ती चूक मला दिसली. मग डोळे मिटले आणि त्यांना सही करू दिली.